पेटीवरचे ओरखडे

आमच्या गटाच्या भजनी मंडळाच्या पेटीचा भाता बांगड्यांनी खरवडलाय, मधल्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात. बैठकीत निघालं, बचतीतून नवीच घेऊ. आम्ही आधी तपासलं. एकही पट्टी न दाबता भाता मारत राहायचं. चांगल्या पेटीत थोड्या वेळानं हात अडतो. आमचा अडेचना, म्हणजे हवा गळत होती. कोपऱ्यातलं चामडं उंदरांनी कुरतडलेलं! कारागिरानं तेवढंच बदललं. पॉलिशही करू का, म्हणाला. आम्ही नको म्हटलं. आवाज आतल्या पितळी सुरांचा, पॉलिशचा नव्हे. आणि बांगड्या काही कुणी काढून ठेवणार नाही. पावसाळ्यात मात्र पेटी फळीवर ठेवतो. ओल लागली की पट्ट्या फुगून अडकतात.