पासाउ : तीन नद्यांच्या संगमावरील शहर

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत, पासाउ हे सुमारे पन्नास हजार वस्तीचे शहर आहे. पश्चिमेकडून डॅन्यूब, दक्षिणेकडून इन आणि उत्तरेकडून इल्झ या नद्या येथे एकत्र येतात. डॅन्यूब व इन यांच्यामधील चिंचोळ्या भूभागावर जुने शहर वसले असून, त्याच्या टोकाशी तिन्ही प्रवाहांचे रंग वेगवेगळे ओळखू येतात. आल्प्समधून येणारी इन हिरवट, तर अरण्यातील दलदलीचे पाणी वाहून आणणारी इल्झ काळसर दिसते. संगमापुढे नाव डॅन्यूबचेच चालते; मात्र वर्षाच्या सरासरीने पाहता इन अधिक पाणी आणते.

या जलमार्गांनीच पासाउला वैभव दिले. आल्प्सच्या परिसरातील खाणींचे मीठ इन नदीतून नावांनी येथे येई आणि पुढे जनावरांच्या पाठीवरून डोंगरवाटांनी बोहेमियात जाई. इ.स. 739 पासून येथे बिशपचे पीठ आहे. पुढे बिशपच शहराचे सत्ताधीशही झाले. ही राजसत्ता 1803 मध्ये संपुष्टात आली.

मात्र ज्या संगमाने समृद्धी दिली, तोच संकटही आणतो. आल्प्सच्या पायथ्याशी अतिवृष्टी झाली, की इनला अल्पावधीत पूर येतो आणि तिच्या लोंढ्यापुढे डॅन्यूबचे पाणी तुंबते. संगमापुढे नदीचे खोरे अरुंद असल्याने पाण्याला पसरण्यास वाव उरत नाही. 3 जून 2013 रोजी येथे डॅन्यूबची पातळी 12.89 मीटरवर पोहोचली. 1501 नंतर एवढे पाणी या शहराने पाहिले नव्हते. पूर ओसरल्यावर घराघरांतील गाळ उपसण्यासाठी 1978 मध्ये सुरू झालेल्या स्थानिक विद्यापीठाचे विद्यार्थी मोठ्या संख्येने पुढे सरसावले.

डॅन्यूबकाठच्या नगरभवनाच्या भिंतीवर 1501, 1954, 2013 अशा महापुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांतील सर्वांत उंच खुणा पाहण्यासाठी मान वर करावी लागते. शहर नदीपासून दूर हलवणे शक्य नाही. म्हणून पुराचा इशारा मिळताच तळमजल्यावरील सामान वर नेणे, हा येथील जगण्याचाच भाग झाला आहे.