बोटं दुखतात? मशीनवर फुलवा भरतकाम

साखळी टाक्याची चार फुलं होईपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि रिंग पुन्हा कपाटात जाते? चाळिशीनंतर अनेकींना हा त्रास जाणवू लागतो. बारीक सुई चिमटीत धरताना अंगठ्याच्या सांध्यावर बराच ताण येतो. दुखणं थांबत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, पण छंद सोडू नका.

घरचं मोटरचं शिलाई मशीनही भरतकाम करतं. मशीनचे दाते खाली करा, एम्ब्रॉयडरी फूट लावा. कापडाखाली बॅकिंग पेपर ठेवून दोन्ही रिंगमध्ये ताणून बसवा आणि तळव्यांनी रिंग हळूहळू फिरवा. बोटं सुईपासून दूर ठेवा.

एवढंही सोसत नसेल तर कॉम्प्युटराइज्ड एम्ब्रॉयडरी मशीन पाहा. डिझाइन निवडलं की टाके तेच घालतं, दोऱ्याचा रंग बदलायला थांबतं. मात्र विकत घेण्याआधी दुकानात स्वतः फ्रेमचा स्क्रू आवळून आणि सुईत दोरा ओवून पाहा. दुखऱ्या हातांची खरी परीक्षा तिथेच असते. स्क्रू जड गेला तर चुंबकाची फ्रेम मिळते का विचारा. दर वीस मिनिटांनी थांबून बोटं मोकळी करा.

‘मशीनचं कसलं कौतुक?’ असं कुणी म्हणेलही. पण फूल कुठे हवं, पाकळीला कोणता गुलाबी शोभेल, हे तुम्हीच ठरवता. मशीनने पाकळ्या भरल्या की मधोमध गाठीचा एक टाका हाताने घाला. तेवढ्याने अंगठा कुरकुरणार नाही.