बदली, कायम आणि ठेका : इंदूरच्या गिरणी कामगाराचं शतक

इंदूरचा इतिहास म्हटलं की आपण राजवाडा, लालबाग नि छत्रीबागेतच रमतो. गिरण्यांकडे फारसं कुणी वळत नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळातच इथं संस्थानची कापड गिरणी उभी राहिली. पुढे १९०९ साली मालवा मिल आणि १९१५ साली हुकुमचंद मिल आली. या गिरण्यांच्या फाटकावर एक शब्द रोज ऐकू यायचा : 'बदली'.

बदली म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस. त्यानं पाळीच्या वेळी फाटकाशी उभं राहायचं. कुणी आलं नाही तर काम, नाहीतर डबा घेऊन परत. उद्याच्या मजुरीचा भरवसा नाही म्हटल्यावर वाण्याची उधारी, खोलीचं भाडं, मुलीचं लग्न, सगळंच अधांतरी.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यामुळे थोडा आधार मिळाला. हजेरीपटावर नाव असलेल्या बदलीनं वर्षभर सलग नोकरी केली, म्हणजे ढोबळमानानं २४० दिवस भरले, की ले-ऑफच्या भरपाईपुरता तो बदली राहत नसे. म्हणून कामगार दिवस मोजायचा. 'कायम झाला' हे वाक्य घरात पेढे आणणारं होतं.

हा कायमपणा दोन पिढ्याही पुरला नाही. १९९१च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली आणि सुमारे ५,९०० कामगार रस्त्यावर आले. उरलेल्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो थेट २५ डिसेंबर २०२३ला! तोवर कित्येकजण गेले होते. वारसांनी पैसे घेतले.

तरी माझ्या मते यातली खरी गोष्ट वेगळी आहे. बत्तीस वर्षं भांडता आलं, कारण गिरणीच्या दफ्तरात नाव होतं. आज ठेकेदाराकडे काम करणारा मुलगा किंवा मजूर चौकात उभा असलेला माणूस जुन्या बदलीसारखाच रोज वाट बघतो, पण बहुतेकदा त्याचं नाव कुठल्याच पटावर नसतं. उद्या मजुरी बुडाली तर दाखवणार काय? असुरक्षितता जुनीच, पुरावा मात्र गेला.

गिरण्या बंद झाल्या तरी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत त्यांच्या झांक्या निघतात. जुने कामगार वर्गणी गोळा करतात. तिथली रोषणाई आपण हौसेनं बघतो. त्याच घरांत बदलीची कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रॉव्हिडंट फंडाचे कागदही असतील. रद्दीत घालण्याआधी त्यांचे फोटो तरी काढून ठेवा. होळकरांच्या सनदांइतकाच तोही इंदूरचा दस्तऐवज आहे.