फुरसतीचें शास्त्र

परवां आमच्या घरीं एक नवाच प्रश्न उभा राहिला. थोरल्या बंधूंच्या मुलीस विद्यापीठांत ‘रिक्रिएशन अँड लेझर’ हा विषय घ्यावयाचा आहे. “घरांत रिकामटेकडे कमी आहेत काय, म्हणून आतां त्याची पदवीहि आणावयाची?” असें म्हणून दादा पानावरून उठले. मीहि प्रथम हंसलों. पण चौकशी केल्यावर हंसूं ओसरलें.

कॅनडांत ऑन्टारियो प्रांतीं वॉटर्लू विद्यापीठ आहे. तेथें १९६८ सालापासून ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. खेळ शिकविणें हें त्याचें काम नव्हे. माणसें मोकळा वेळ कसा घालवितात, कोणाच्या वांट्यास तो येतच नाहीं, गांवच्या बागा व क्रीडागृहें कोणासाठीं आणि कशीं चालवावीं, हा तेथील अभ्यास. त्याबरोबर आळीपाळीनें पगारी उमेदवारी करण्याचीहि सोय आहे. पदवीधर पुढें नगरपालिका, पर्यटन, उन्हाळी शिबिरें, समारंभांची व्यवस्था अशा कामांत शिरतात.

एका शाखेपाशीं मात्र मी थांबलों. ती म्हणजे उपचारात्मक रंजन. समजा, अर्धांगवायूनें उजवा हात गेलेले एक आजोबा आहेत. औषध चालू आहे, जेवण वेळेवर आहे. पण रोज सायंकाळीं पत्त्यांचा डाव मांडणारा हा गृहस्थ आतां भिंतीकडे पाहत पडून असतो. ह्या विषयाचा जाणकार त्यांना प्रथम विचारतो, “पूर्वीं आपणांस काय आवडत असे?” मग तो त्यांच्यापुढें खांच पाडलेली एक लांकडी पट्टी ठेवतो. तींत पत्ते उभे राहतात, आणि एका डाव्या हातानें खेळतां येतें. डाव किती वेळ चालला, आजोबा किती बोलले, केव्हां थकले, ह्याची नोंद होते व तीवरून पुढचा बेत ठरतो. बागेची हौस असलेल्या आजींसाठीं चाकांच्या खुर्चींतून हात पोंचेल इतक्या उंचीवर वाफे करतात. करमणूक म्हणजे नुसतें वेळ काढणें, ही आमची समजूत येथें लंगडी पडते. मला आमच्या वडिलांचीं शेवटचीं दोन वर्षें आठवलीं, एवढेंच सांगतों.

अमेरिकेंत ह्या कामाचें प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय संस्था १९८१ सालीं निघाली. पदवी, निदान १४ आठवड्यांत मिळून ५६० तासांची उमेदवारी व शेवटीं परीक्षा, असा एक मार्ग आहे. रुग्णालयें, मानसोपचारगृहें व वृद्धनिवास हीं ह्या लोकांचीं कामाचीं ठिकाणें.

आपल्याकडील स्थिति मात्र पालकांनीं डोळे उघडे ठेवून पाहावी. आरोग्यसेवेशीं संलग्न अशा व्यवसायांसंबंधीं २०२१ सालीं कायदा झाला. त्याच्या परिशिष्टांत रंजनोपचारकाचें नांव आहे. परंतु तेवढ्यावरून रुग्णालयांत जागा तयार आहेत असें समजूं नये. परदेशचा खर्च कर्ज काढून करावयाचा असेल, तर आधीं मानसशास्त्र किंवा ऑक्युपेशनल थेरपी येथेंच शिकून मग ही शाखा घेणें अधिक बरें, असें माझें मत. पुतणीस तें पटलेलें नाहीं. “काका, तोंवर माझी उमेदच संपेल,” असें ती म्हणते. दादांनीं त्या लांकडी पट्टीविषयीं मला दोनदां विचारलें. आणि काल, कोणी जवळ नाहीं असें पाहून, वर्षाच्या फीचा आंकडाहि विचारला.