माळ्यावरची बंदूक आणि तिचा गंज

रत्नागिरीकडच्या जुन्या घरांत माळ्यावरून ठासणीची बंदूक अजूनही निघते. रानडुकरे आणि वानरांपासून शेती राखण्यासाठी पूर्वजांनी ती बाळगलेली असते. वाटण्या होतात, घर दुरुस्तीला निघते आणि प्रश्न पडतो : ही घासूनपुसून लखलखीत करावी का? आमचे उत्तर बहुधा 'नको' असे असते. त्यामागचे रसायनशास्त्र वर्गात सांगण्याजोगे आहे.

आधी दोन गोष्टी. जुनी बंदूक भरलेली असू शकते आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. तेव्हा नळीत डोकावू नये, घोडा ओढू नये. तपासणी परवानाधारक कारागिरानेच करावी. दुसरे असे, की वारशाने बंदूक मिळते, परवाना मिळत नाही. तो नसेल तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ जुन्या हत्यारांना सूट देते, पण दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांनाच. नुसता घोडा मोडला म्हणून ही सूट मिळत नाही.

आता ओळख. घोड्यात जळता तोडा अडकवण्याची सोय असेल तर ती तोड्याची बंदूक, गारगोटी धरण्याचा चिमटा असेल तर चकमकीची, आणि घोडा तांब्याच्या छोट्या टोपीवर आपटत असेल तर टोपीची. टोपी १८२० नंतर प्रचारात आली. चकमकीच्या कित्येक बंदुका पुढे टोपीच्या करून घेतल्या गेल्या. त्यांच्या बाजूच्या पट्टीवर बुजवलेली भोके दिसतात.

नळीचे माप तर गणिताच्या तासाला न्यावे. 'बारा बोअर' म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी. ४५३.६ ग्रॅमला १२ ने भागा, शिशाच्या ११.३४ या घनतेने पुन्हा भागा. गोळीचे घनफळ ३.३३ घन सें.मी. आणि व्यास सुमारे १८.५ मि.मी. येतो. १८५३ च्या एनफील्डची नळी सुमारे १४.७ मि.मी. असून आत तीन पिळदार चर असतात. १८५७ नंतर हिंदी पलटणींना जवळपास तशाच दिसणाऱ्या, पण बिनचराच्या आणि सुमारे १६.७ मि.मी. नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. चर नसले की नेम लांबवर लागत नाही! चाचणीचे शिक्के, कंपनीचा मुकुटधारी सिंह, कारागिराचे नाव या खुणाही पाहाव्यात. मात्र त्यांच्या नकलाही होत.

या खुणा किती खोल असतात? मिलिमीटरचा काही अंश. पॉलिशपेपरचे दहा हात फिरले की गेल्या. शिवाय गंज म्हटला की वाईट, हेही खरे नाही. त्या काळचे कारागीर नळीवर मुद्दाम गंज चढवत, घासत, पुन्हा चढवत. त्यातून घट्ट तपकिरी थर तयार होई. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या नळीवरची नागमोडी नक्षी याच प्रक्रियेत उठून दिसे. तो थर काढला की नक्षीही लोपते.

खरा शत्रू आहे तो समुद्री हवेतल्या मिठाचा. क्लोराइड गंजाखाली शिरते, हवेतला ओलावा ओढते आणि झीज चालू ठेवते. असा गंज नारिंगी, भुसभुशीत असतो. पुसला तरी पुन्हा येतो, कधी त्यावर घर्मबिंदूंसारखे थेंब दिसतात. तेवढाच मऊ कापडाने आणि खनिज तेलाने हलके काढावा. खोबरेल लावू नये. ते कालांतराने खवट होऊन त्यातली आम्ले धातूला लागतात. हिरड्याच्या काढ्यातील टॅनिन गंजाला निळसर काळे करते. गंजलेल्या खिळ्यावर हा प्रयोग वर्गात जरूर करावा, पण नळीवर नको, तिचा मूळ रंग बदलेल.

तुटलेला भाग नवा बसवून बंदूक चालू करून घ्यावी, असेही पुष्कळांना वाटते. नळीची भिंत आतून किती झिजली आहे हे बाहेरून कळत नाही, आणि काळ्या दारूसाठी घडवलेली नळी आजच्या धूररहित दारूचा दाब सोसेलच असे नाही. आम्ही हा बेत सोडूनच द्यायला सांगतो. परवाना झाल्यावर, रिकामी असल्याची खात्री करून, बंदूक कोरड्या कपाटात कुलुपात ठेवावी, चामड्याच्या म्यानात नव्हे. चामडे पावसाळ्यात ओल धरते आणि कमावताना वापरलेली आम्ले व क्षार त्यात राहिलेले असतात.