लसीची मुदत आणि गोधनाचे रक्षण

चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत घटसर्प व फऱ्या या रोगांची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेणे अगत्याचे असते. पावसाबरोबर हे रोग बळावतात. शिवाय पर्लकोटा नदीस पूर आला म्हणजे भामरागडचा मार्ग बंद पडतो. त्यामुळे हे काम मे-जूनमध्येच उरकावे लागते. परंतु याच दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जातो आणि उष्णता हा तर लसीचा शत्रू होय. तेव्हा लस मिळविण्याइतकेच तिचा कस टिकविणे महत्त्वाचे आहे.

मुदतीचा अर्थ

प्रत्येक कुपीवर उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. केवळ महिना व वर्ष दिले असल्यास त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत लस वापरता येते. मात्र लस सतत २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली, तरच ही तारीख खरी मानावी. उन्हात तापलेली लस मुदतीपूर्वीच निकामी होते आणि तिचा गेलेला कस पुन्हा थंड केल्याने परत येत नाही. अशी लस टोचलेले जनावर सुरक्षित आहे असे गोपालक समजतो, आणि साथ आली म्हणजे त्याचा बैल ऐन पेरणीत दगावतो.

उष्णतेप्रमाणेच गोठणेही घातक आहे. घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत यांच्या निष्क्रिय लसी गोठल्या की त्यांतील घटक फुटून वेगळे होतात. अशी लस वितळवून कदापि वापरू नये. याउलट मानमोडी व पीपीआर यांच्या लसी शुष्क स्वरूपात येतात व गोठणे सोसतात. परंतु द्रावणात मिसळल्यावर त्या एक-दोन तासांतच संपवाव्या लागतात. द्रावणही थंड असावे.

दवाखान्यातील व्यवस्था

शीतपेटीचे तापमान सकाळ-सायंकाळ पाहून नोंदवावे. नवा साठा आला की तारखा पाहून मांडणी करावी. ज्या कुपीची मुदत आधी संपते ती पुढे ठेवावी, मग ती नंतर आलेली असली तरी चालेल. कुप्या दारात ठेवू नयेत, कारण दार उघडताच तेथील तापमान वाढते. मागणी जनावरांच्या संख्येवरून करावी. अधिक साठा म्हणजे अधिक नासाडी.

पाड्यावर जाताना

दूरच्या पाड्यांवर जाताना लसवाहक पेटीत बर्फाची पाकिटे घालावीत. पाकिटे शीतकपाटातून काढल्यावर आतील पाणी किंचित डचमळेपर्यंत थांबावे. नाहीतर निष्क्रिय लस गोठण्याचा धोका असतो. पेटी सावलीत ठेवावी व कामापुरतीच उघडावी.

येथे शेतकरी बंधूंचे सहकार्य मोलाचे ठरते. आदल्या दिवशी दवंडी द्यावी व पहाटेच जनावरे एके ठिकाणी बांधावीत. मानमोडीची शंभर मात्रांची कुपी फोडल्यावर वीसच कोंबड्या आल्या, तर उरलेली लस वाया जाते. फोडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. मुदतबाह्य वा उरलेली लस नदीनाल्यात न टाकता दवाखान्याकडे परत द्यावी. टोचण्यापूर्वी कुपीवरील तारीख पाहण्याचा प्रत्येक गोपालकास हक्क आहे व त्याने तो अवश्य बजवावा.

एक बोधप्रद उदाहरण

बुळकांडी या रोगाने एके काळी देशोदेशींचे गोठे ओस पाडले. आफ्रिकेच्या दुर्गम भागात थंडीवाचूनही सुमारे महिनाभर टिकणारी लस वापरात आली, तेव्हा जेथे शीतपेटी पोहोचत नव्हती तेथे लस पोहोचली. भारत २००६ साली व सर्व जग २०११ साली या रोगापासून मुक्त झाले. घटसर्पाची लस इतकी सोशिक नाही. म्हणून एटापल्ली, सिरोंचा वा जिवतीच्या पाड्यावरील गोठ्यापर्यंत तिचा थंडावा जपणे, हे दवाखाना व गोपालक या दोघांचेही कर्तव्य होय.