चूक कुणाची, हे न विचारता मिळणारे पाच लाख

नवरात्रात तुळजापूरला पायी जाणारी माणसं आपण सगळे पाहतो. समजा, धाराशिवहून निघालेल्या अशा एका भक्ताला पहाटे कारची धडक बसली आणि तो गेला. अंधार होता, साक्षीदार कुणी नाही. चालक म्हणतो, तोच मध्ये आला. मग घरच्यांना काहीच मिळणार नाही का? मिळतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ अशा वेळी उपयोगी पडतं. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या या तरतुदीप्रमाणे मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये वाहनमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे असतात. कुणाचा निष्काळजीपणा होता, हे सिद्ध करावं लागत नाही.

पण सही करण्याआधी थांबा. पूर्वी बिनचुकीची ठरावीक रक्कम घेऊनही, चूक सिद्ध करून जास्तीची भरपाई मागता येत असे. आता विमा कंपनीशी तडजोड करून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो.

यात किती फरक पडतो, ते आपण हिशोबानेच पाहू. मयत ३२ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिन्याला १५ हजार कमाई, घरात चौघे त्याच्यावर अवलंबून. वर्षाचे झाले १,८०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के धरले, की २,५२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा केला, उरले १,८९,०००. या वयाला गुणक १६. म्हणजे ३०,२४,००० रुपये! अर्थात, यासाठी कलम १६६ खाली चालकाची चूक दाखवावी लागते. मयताचीही चूक निघाली तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते.

म्हणून पुरावा हाती असेल तर घाई करू नये. अजिबात नसेल तर पाच लाख नाकारू नयेत. वेळही सांभाळावी, कारण कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. अपघात जिथे झाला तिथे किंवा आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. लातूरच्या कुटुंबाला त्यासाठी धाराशिवला खेटे घालायची गरज नाही.

आणि आपणच गाडी चालवत असताना, दुसरं वाहन मध्ये नसताना घसरलो तर? मालक हा स्वतःच्याच पॉलिसीत 'तिसरा' होत नाही. त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो. नव्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा पाच वर्षांचा असला, तरी हा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि ती तारीख आधी वाचा.